मृणाल गोरे यांना 'पाणीवाली बाई' का म्हणायचे? त्या खासदार पण होत्या का?

हो, होत्या ना. 1977 ला जनता पक्षाकडून उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. पण 'पाणीवाली बाई' हे नाव त्याच्या खूप आधीचं आहे. मृणालताई मेडिकलला होत्या, ते शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीत आल्या, केशव गोरेंशी लग्न झालं, दोघं मिळून गोरेगावात काम करायचे आणि 1958 ला ते गेले, पदरात लहान मुलगी, तरी बाई थांबल्या नाहीत. 1961 ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि वस्त्यांमध्ये नळ यावेत म्हणून बायकांना घेऊन हंडामोर्चे काढत राहिल्या, तेव्हापासून लोकच त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले. पुढे महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांबरोबर लाटणं मोर्चे, आणीबाणीत तुरुंग आणि मग ती 77 ची निवडणूक. त्या जिंकल्या, इंदिराजी हरल्या, आणि 'पाणीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा गाजली. अजूनही जुने लोक सांगतात.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम नंतरचं आहे. 1985 नंतर परत विधानसभेत असताना गर्भलिंग तपासणीविरुद्ध त्यांनी आवाज उठवला आणि 1988 ला महाराष्ट्राने त्यावर कायदा केला, देशाचा कायदा 1994 ला आला, म्हणजे बघा किती आधी. शिवाय नागरी निवारा परिषदेतून गोरेगावला हजारो सामान्य कुटुंबांना परवडणारी घरं मिळाली. 2012 च्या जुलैमध्ये त्या गेल्या.