पंचवीस मिनिटांचं कोल्हापूर

प्रश्न : माझे मिस्टर दीड वर्षापासून एटीआर विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहेत. बेस, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते शहर, हैदराबाद. मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी चार वर्षांची, सासूबाई आमच्याजवळ असतात. हैदराबादला हे आणखी तिघा पायलटांबरोबर फ्लॅट घेऊन राहतात. आता त्यांचं म्हणणं, उजळाईवाडीजवळ फ्लॅट बुक करू. विमानतळ दारात, हैदराबादचं विमान आहेच, स्टाफ तिकिटावर ये-जा करता येईल. ‘बेस नावाला, घर गावाला.’ ट्रेनिंगचं कर्ज अजून फिटायचं आहे. बुकिंगचे पैसे भरू का?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : भरू नका, ताई. निदान यंदा तरी नको.

तुमच्या मिस्टरांचा हिशेब खोटा नाही, पण तो दुसऱ्या विमानाचा आहे. दिल्लीहून अमेरिकेला जाणारा पायलट एकदा निघाला की तीन-चार दिवसांनी परततो आणि मग त्याला सलग मोकळे दिवस मिळतात. त्याची ड्युटी गठ्ठ्यानं येते. महिन्यातून चार-पाच खेपा बेसला केल्या की त्याचं भागतं, मग तो कोल्हापुरात राहो नाहीतर कोचीत.

एटीआरचं गणित वेगळं. सत्तरेक प्रवाशांचं पंख्याचं विमान, तासा-सव्वा तासाचे सेक्टर. हैदराबाद ते राजमुंद्री आणि परत, मग तिरुपती आणि परत. चार लँडिंग होतात आणि बऱ्याच रात्री चाकं पुन्हा शमशाबादलाच, हैदराबादच्या विमानतळावर टेकतात. मी बावीस वर्षं हेच केलं. या नोकरीत पगारापेक्षा मोठी चैन एकच, रात्री आपल्या अंथरुणावर पडायला मिळणं. ते अंथरूण तुम्ही कोल्हापुरात घातलंत तर ती चैनही गेली आणि मोकळे दिवसही विमानतळावर वाट बघण्यात गेले.

रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, कोल्हापूर लागलं तरी फार हरखू नका. उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत पंचवीस मिनिटं. तेवढ्यात इंधन, लोडशीट म्हणजे वजनाचा कागद, विमानाभोवती एक फेरी. घरापासून आठ-नऊ किलोमीटरवर उभं राहून माणूस फोनवर ‘जेवलीस का’ एवढं विचारू शकतो. फार तर कुणाच्या ओळखीनं डबा पोचेल.

स्टाफ तिकिटाचंही नीट समजून घ्या. जागा उरली तरच ते चालतं. गणपती, दिवाळी आणि मे महिना, म्हणजे नेमकं घरी यायचं तेव्हा, विमान भरलेलं. उन्हाळ्यात भर दुपारी वजनाची मर्यादा आली तर रिकामी दिसणारी सीटही मिळत नाही. आठवड्याची ४८ तासांची विश्रांती कागदावर दोन दिवसांची दिसते. त्यातून येणं-जाणं वजा करा, आणि परतताना ‘विमान चुकलं तर’ म्हणून आदल्याच दिवशी निघणं वजा करा. आणि स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी जायला तयार राहण्याची ड्युटी? फोन आला की आमच्याकडे दीड तासात रिपोर्ट करावं लागायचं. कोल्हापुरात बसून हैदराबादचा स्टँडबाय करता येत नाही.

हे मी शहाणपणानं नाही, फजितीनं शिकले. २०१५ च्या जुलैत माझा बेस मुंबई आणि घर पुण्यात, वारज्याला. रविवारी संध्याकाळी सहाचं रिपोर्टिंग होतं. हातात भरपूर वेळ ठेवून अकरालाच निघाले. दुपारी आडोशी बोगद्यापाशी एक्स्प्रेसवेवर दरड कोसळली. त्यात माणसं गेली, त्यामुळे माझ्या उशिराचं रडगाणं मी कधी गायले नाही. पण माझ्या जागी ज्याला स्टँडबायवरून उठवलं, त्यानं पुढं महिनाभर माझ्याशी फक्त चेकलिस्टपुरतं बोलणं ठेवलं. त्याच दिवाळीत आम्ही अंधेरीला भाड्यानं खोली घेतली. पुण्याचं घर नऊ वर्षं भाडेकरूंनीच वापरलं.

मग करायचं काय? आधी ती चौघांची खोली सोडायला लावा. चार पायलट म्हणजे चार रोस्टर. एकाचा गजर अडीचला, दुसरा एकला दार वाजवतो. पहाटे चारच्या रिपोर्टिंगच्या माणसाला अशी झोप परवडत नाही. अत्तापूर किंवा बंडलागुड्याकडे एक बेडरूमचं घर भाड्यानं घ्या. तिथून पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवे जवळ पडतो. सिकंदराबाद स्वस्त मिळालं तरी नको, रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. पडदे जाड लावा, दिवसा झोपायचं असतं.

तुम्ही नोकरी सोडून जाऊ नका. तुमची बदली तेलंगणात होणार नाही, आणि तुमच्या घरातला खरा कायमचा पगार तुमचा आहे. २०२० मध्ये २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशातली प्रवासी विमानं बंद होती. माझ्या ओळखीच्या कितीतरी पायलटांची घरं त्या वर्षी बायकोच्या शाळेवर नाहीतर बँकेवर चालली. दिवाळी आणि मेची सुट्टी मात्र मुलीला घेऊन हैदराबादला काढा, जमलं तर सासूबाईंनाही न्या. तिथं मराठी माणसाला परकं वाटत नाही, केशवराव कोरटकरांची विवेकवर्धिनी शंभर वर्षांहून जुनी आहे. बाकीच्या महिन्यांत मिस्टरांनी साप्ताहिक विश्रांतीला रजा जोडून एकदाच, पण चार-पाच दिवस यावं. दर आठवड्याला धापा टाकत येण्यापेक्षा मुलीला ते बरं.

फ्लॅटचा विषय कमांडनंतर, म्हणजे ते कॅप्टन झाल्यावर काढा. त्यासाठीच्या एटीपीएल लायसन्सला उड्डाणाचे १५०० तास लागतात. महिन्याला सत्तरच्या आसपास तास होत असतील तर ते आता फार लांब नाहीत. कमांडबरोबर बेस बदलू शकतो, किंवा ते एअरबसकडे वळले तर सगळंच बदलेल. तोवर बुकिंगचे पैसे कर्जात घाला.

प्रश्न : मी सावंतवाडीचा. एटीआरसाठीच मला मोपा, म्हणजे उत्तर गोव्याचा विमानतळ, आणि हैदराबाद असे दोन बेस मिळू शकतात. सगळे म्हणतात मोठ्या बेसला जा.
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मोपा घे आणि घरी राहा. तुझ्यासारखी सोय शंभरात एखाद्यालाच असते. मात्र सही करण्याआधी त्या बेसवर विमानं किती आहेत ते विचार. दोन-तीनच असली आणि त्यातलं एक सुट्या भागासाठी उभं राहिलं, तर तुझे तास तिथंच अडतात. आणि मोटारसायकलनं जाणार असशील तर पावसाळ्यात कपड्यांचा दुसरा जोड ऑफिसमध्ये ठेव. भिजलेल्या युनिफॉर्ममध्ये एसी कॉकपिट मी एकदा सोसलंय.