मुलीला बडोद्यात बारावी सायन्सनंतर कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये (बांधकामाच्या व्यवस्थापनात) जायचं असेल, तर थेट मॅनेजमेंटची पदवी घ्यावी की आधी सिव्हिल इंजिनिअरिंग?

आधी सिव्हिल, असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रॉइंग वाचता येत नसेल, स्लॅबला किती सळई आणि काँक्रीट लागेल याचा हिशेब मांडता येत नसेल, तर साइटवर ठेकेदार तुमच्या मुलीचं ऐकणार नाही. मॅनेजमेंट हे त्या ज्ञानावरच उभं राहतं.

बाहेरगावी जायचीही गरज नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन म्हणजेच आजची महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाची टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टी. तिथे सिव्हिलची चार वर्षांची पदवी आहे. धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याच्यासाठी तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हाही चांगला रस्ता आहे. डिप्लोमावाल्यांचा हात साइटवर लवकर बसतो.

पदवीनंतर लगेच पुढचं शिक्षण नको. एक-दोन वर्षं साइटवर काढू द्या: बिलं, मोजमापं, मजुरांची हजेरी, पावसाळ्यात अडणारं काम, सगळं कळू दे. मग कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच्या पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्याची निकमार ही संस्था किंवा गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी दिल्लीचं एमटेक. प्रिमावेरा आणि एमएस प्रोजेक्ट ही कामाचं वेळापत्रक आखायची सॉफ्टवेअर मात्र कॉलेजात असतानाच शिकून घ्यावीत. आणि घरी मराठी असली तरी गुजराती-हिंदी पक्की हवी, साइटवर दिवसभर तीच लागते.