लोअर परळ-वरळीच्या लक्झरी टॉवरमध्ये लोक एवढे कोटी का घालतात? आत खरंच एवढं काय असतं?

मी इंटिरियरच्या साइट सांभाळतो, मार्बल आणि प्लंबिंगची कामं जास्त, त्यामुळे या टॉवरांमध्ये रोजचं जाणं-येणं आहे. अर्थात लॉबीतून नाही हां, मागच्या गेटने, लेबर पास दाखवून, सर्व्हिस लिफ्टने.

पहिलं म्हणजे मार्बलचं कौतुक विसरा. इटालियन मार्बल आपल्या स्वयंपाकाला अगदी बिनकामाचा दगड आहे, लिंबू सांडलं की पॉलिश जातं, हळद आत मुरते आणि मग मॅडमचा आम्हाला फोन येतो. म्हणून बऱ्याच घरांत दोन किचन असतात, एक पाहुण्यांना दाखवायला आणि आत एक छोटं, जिथे खरी फोडणी बसते. तिथे ओट्याला आपला साधा काळा ग्रॅनाइटच.

खरे पैसे जातात ते मुंबईत जे सहज मिळत नाही त्याला. पाणीच घ्या. बहुतेक भागांत पालिकेचं पाणी ठरलेले काही तासच येतं. टॉवरमध्ये खाली भल्यामोठ्या टाक्या, वर टाक्या, वरून पाणी खाली येताना नळ उडू नयेत म्हणून मध्ये प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, पंपाला जनरेटरचा बॅकअप आणि हे सगळं बघायला शिफ्टमध्ये माणसं, पण वर राहणाऱ्याला यातलं काही माहीतच नसतं, नळ सोडला की पाणी. गाडीचं तेच, पार्सलचं तेच. कशासाठी थांबायचं नाही आणि कुणाचा धक्का खायचा नाही, हे विकत घेतात लोक. सकाळी विरार लोकलमधून दादरला उतरणाऱ्याला याची किंमत मी काय समजावणार?

आणि हे सगळं उभं आहे गिरणगावात, हे पण लक्षात घ्या. जानेवारी 1982 मध्ये गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे होते, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे शेड उभ्या होत्या ती जागा वाटणीतून बाहेर, मग पालिकेच्या आणि म्हाडाच्या हाती कितीसं येणार! वर्ल्ड वन टॉवर श्रीनिवास मिलच्या जागेवर आहे. गिरणी कामगारांना लॉटरीत जी घरं मिळाली ती 225 चौरस फुटांची, मी टाइल्स बसवल्यात असे बाथरूम त्याच्या जवळपास जातात. ताडदेवचे इम्पीरियलचे जुळे टॉवर तर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून उभे राहिलेत, तिथल्या झोपडीवाल्यांना बाजूला इमारती आणि उरलेल्या जागेवर हे टॉवर.

खर्च म्हणाल तर घर घेऊन सुटका नाही. मोठ्या फ्लॅटचं मेंटेनन्स महिन्याला मध्यमवर्गीय पगाराएवढं सहज होतं, त्यात महिना 7500 च्या वर गेलं की 18 टक्के जीएसटी. समुद्राकडचा फ्लॅट असेल तर खारी हवा एसीच्या आउटडोअर युनिटची कॉइल खाते, बाल्कनीचं रेलिंग चांगल्या ग्रेडचं स्टील नसेल तर त्यावर पण तांबूस डाग. पावसाळ्यात वरच्या मजल्यांवर वारा इतका की खिडकी उघडायची सोय नाही, एवढा व्ह्यू घेऊन बिचारे काचेआड एसीत बसलेले असतात.

तरीपण सुख असतं का? असतं की, खोटं कशाला बोलू. चाळिसाव्या मजल्यावर खालचा हॉर्न खूप कमी ऐकू येतो, मे महिन्यात काम करताना पण वारा लागतो, आमची पोरं डबा खायला मुद्दाम बाल्कनीत बसतात.

तुम्ही बघायला जाणार असाल तर एवढंच करा, सॅम्पल फ्लॅटमध्ये भुलू नका. तिथे आतले दरवाजे कधीकधी लावलेलेच नसतात आणि बेड मापापेक्षा छोटे बनवून ठेवतात म्हणजे खोली मोठी वाटते. टेप घेऊन जा आणि भिंत ते भिंत मोजा, सेल्सवाला हसला तर हसू द्या.