टिकते, पण डाळ कच्ची राहायला हवी

मुलगी दहा दिवसांच्या युवा नेतृत्व शिबिराला चाललीय, तिथली मैत्री टिकते का आणि टिकवायला तिने काय करावं, असं तुम्ही विचारलंय. टिकते. माझी टिकलीय. कशी, ते सांगतो.

डिसेंबर १९९३. मी इंदूरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, शिबिर पचमढीला. नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरायचं, पुढे बसने घाट. छत्तीसगड तेव्हा वेगळं नव्हतं, त्यामुळे रायपूर-बिलासपूरपासून ग्वाल्हेरपर्यंतची साठेक पोरं. हाक गावाच्या नावाने; मी 'इंदौर'. नेतृत्वावर भाषणं झाली असणार, मला एकही आठवत नाही.

आठवते ती डाळ. चौथ्या दिवशी स्वयंपाक आमच्या गटाकडे, गटाचा म्होरक्या मी. चुलीवर हे एवढं पातेलं, साठ जणांची तुरीची डाळ. जोडीला 'ग्वालियर'. तीन दिवस आम्ही एकमेकांशी हिंदीतच बोलत होतो. पातेल्याचा काठ मनगटाला लागला आणि तो ओरडला, "आई गं!" मी डाव हातात धरून बघतच राहिलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातला निघाला.

डाळ मात्र शिजेना. दोन तास उकळतेय, दाणा बोटांत दाबावा तर मधे पांढरा ठिपका तसाच. एकचं जेवण अडीचला वाढलं, तेही कच्चं. त्याच दिवशी तपासणीला पाहुणे. उत्कृष्ट गटाची ढाल गेली जबलपूरकडे. 'ग्वालियर' सगळ्यांसमोर म्हणाला, इंदौरने ओली लाकडं आणली. मी म्हणालो, डाळ रात्री भिजत घालायची कोणी होती? दोन दिवस अबोला.

शेवटच्या रात्री शेकोटी. गळ्यात गळे घालून रडारड, माझ्या डायरीत बेचाळीस पत्ते. ठरलं की २६ जानेवारीला रात्री नऊला सगळ्यांनी इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, भेटायचं. मी गेलो. कुडकुडत एक प्लेट गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ला, मग वाट बघत दुसरी. कोणी आलं नाही. इंदूरचेच दोघे होते, तेही नाही.

आणि फेब्रुवारीत लष्करहून पोस्टकार्ड. ना नमस्कार, ना खुशाली. 'लाकडं ओलीच होती.' बस्स. मी कॉलेजात फिजिक्सच्या सरांना विचारून उलट टपाली कळवलं, की पचमढी हजार मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात न भिजवलेली डाळ शिजायला जास्त वेळ घेणारच, लाकडं कसलीही असोत. त्याचं उत्तर आलं: 'मग म्होरक्याने चूल तासभर आधी का पेटवली नाही?'

तेव्हापासून हे चालू आहे. तानसेन समारोहाला गेलो की मुक्काम त्याच्याकडे. वहिनी डाळ कुकरमध्ये लावतात, तरी पहिला घास माझ्या तोंडात गेला की हा विचारतोच, "शिजलीय ना?" माझे वडील गेले तेव्हा रात्रभर प्रवास करून सकाळी दारात उभा होता. त्या दिवशी त्याने डाळीचा विषय काढला नाही. तेराव्याला काढला.

म्हणून मुलीला सांगा, सूत्रसंचालन, गटगीत, स्टेजची सजावट यात नाव देऊ नकोस, स्वयंपाकाच्या पाळीला दे. भांडण झालं तर मिटवायची घाई नको. आणि शेवटच्या रात्री जे फार रडतात त्यांचे नंबर घेतलेस काय, नाही घेतलेस काय, सारखंच. हल्ली शिबिर संपायच्या आत ग्रुप तयार होतो, त्याला मी मैत्री म्हणत नाही. माझी बायको म्हणते. तो वाद वेगळा.

अर्थात बेचाळिसात एक, एवढाच माझा अनुभव. आणि कोणी मुलीला मुद्दाम एकटं पाडत असेल, छळत असेल, तर ते असलं भांडण नव्हे. तिथे सरळ शिबिरप्रमुखांना गाठायचं.

आणि लष्करकर, तू हे वाचणारच आहेस म्हणून लिहितो. परवा माळा आवरताना त्या शिबिराचा पाळ्यांचा कागद सापडला. चौथा दिवस, 'रात्री डाळ भिजवणे', पुढे तुझी सही आहे. हिरव्या शाईत.