विद्यापीठाचं झाड: बोधवृक्ष की कुलवृक्ष?

गोव्यातल्या ताळगावच्या एका स्नेह्यांचा प्रश्न आहे: तिथल्या गोवा विद्यापीठाने आपली ओळख म्हणून इथलंच एखादं मूळचं झाड निवडलं, तर त्याला मराठीत काय म्हणावं? ‘बोधवृक्ष’ चालेल का?

माझ्या मते नको. ‘बोधचिन्ह’वरून तो शब्द सुचतो खरा, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बुद्धगयेचा पिंपळ येतो. ‘विद्यापीठवृक्ष’ बरोबर आहे, पण कागदी. मी ‘कुलवृक्ष’ म्हणेन. कुलपती, कुलगुरू, कुलसचिव या शब्दांतलं कुल तिथे आधीपासून नांदतंच आहे. वंशावळीशी गल्लत होणार नाही, तिला आपण वंशवृक्ष म्हणतो. फक्त ‘कुळवृक्ष’ लिहू नका. गोव्यात कूळ म्हटलं की दुसऱ्याची जमीन कसणारा आठवतो.

झाडावरून ओळख सांगणं आपल्याला नवं नाही. मराठ्यांच्या लग्नात देवक बसवतात, ते पुष्कळदा झाडाच्या डहाळीचं असतं: कळंब, वड, उंबर. जुन्या चालीप्रमाणे एकाच देवकाच्या घरांत सोयरीक होत नाही. आणि गोव्यावर राज्य केलेल्या कदंबांचं तर नावच झाडाचं. कर्नाटकातल्या तालगुंदच्या स्तंभलेखात त्याचं कारण दिलं आहे: घराजवळ कदंबाचं झाड होतं, त्याची निगा राखता राखता घराण्याला तेच नाव पडलं. आज पणजीच्या स्टँडवर ‘कदंब’ म्हटलं की बसच डोळ्यांपुढे येते, याची मला खंत वाटते.

हाच कदंब प्राकृतात कलंब झाला आणि मराठीत कळंब. पण झाडांचे जाणकार ही दोन नावं दोन वेगळ्या झाडांना देतात. फुलांचे गेंद दोन्हींचे गोल, तरी झाडं निराळी. म्हणून पाटी रंगवण्याआधी झाड नीट ओळखून घ्यावं.

शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या पदवीदानात स्नातकांना सप्तपर्णीची पानं देतात. ते झाड आपल्याकडची सातवीण. सप्तपर्णाचं प्राकृतात सत्तवण्ण झालं, त्यातूनच सातवण, सातवीण. आपल्या जिभेवर शतकानुशतकं घासून गुळगुळीत झालेलं हे नाव मला फार प्रिय आहे. उद्या ताळगावच्या पठारावर हेच झाड निवडलं गेलं, तर पाटीवर ‘सप्तपर्णी’ नको. ‘कुलवृक्ष: सातवीण’ एवढंच लिहा.