गंगापूर रोडला गच्चीवर घार बसून आहे, उडत नाही. एका पायाचा तळवा सुजलाय. संसर्ग असेल का?

असू शकतो. तळवा सुजलेला आणि मध्ये काळी खपली असेल तर ‘बम्बलफूट’ची (पक्ष्यांच्या तळव्याला होणाऱ्या संसर्गाची) शंका येते. बहुतेकदा कारण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू. तो एरवीही कातडीवर असतो, जखम सापडली की आत शिरतो. खरं तर बम्बलफूट हा पिंजऱ्यात, सपाट कडक जागी बसून राहणाऱ्या शिकारी पक्ष्यांचा आजार. मोकळ्या घारीला झाला असेल तर आधी दुसरा पाय बघा. त्यात मांजा गुंतला असेल तर सगळा भार या पायावर येतो. नाशकात संक्रांतीनंतर तर हे पहिलं बघावं.

तोंडात पिवळट थर दिसला तर प्रकरण वेगळं: कबुतरं खाऊन होणारा ट्रायकोमोनास. तो परजीवी, जिवाणू नव्हे, औषधही वेगळं. म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कृपा करून देऊ नका.

टॉवेल टाकून उचला (चोचीपेक्षा नख्या वाईट), भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. घरी ठेवून घेणं कायद्यात बसत नाही. नंतर हात साबणाने धुवा, पक्ष्यांकडून येणाऱ्या साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग आपल्यालाही होतो.