वाचक विचारतात : पाण्यातून बाहेर यायची वाट

प्रश्न : आमचं शेततळं 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. शेजारच्या शिवारात अशाच तळ्यात दोन भावंडं गेली. थोरल्याला पोहता येत होतं. मग तो बाहेर का येऊ शकला नाही? – शेतकरी, अंबड तालुका

उत्तर : पोहता येणं आणि बाहेर येता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीला कपारी असतात, पायऱ्या असतात. कागदाला धरायला काहीच नाही. वर शेवाळाचा बुळबुळीत थर. उतारावर पाय ठेवला की सटकतो, हात टेकवला की सटकतो, आणि काठ हातभर अंतरावर दिसत असताना माणूस दमून खाली जातो. त्याला काढायला उडी मारणाऱ्याचंही तेच होतं. म्हणून एकाच घरात दोन-दोन प्रेतं येतात.

लोखंडी शिडीनं कागद फाटतो म्हणून कुणी ती लावत नाही. दोर लावा. बोटाएवढा जाड नायलॉनचा दोर घ्या, त्याला फूट-फूट अंतरावर गाठी मारा. बांधावर पक्का खुंटा रोवून एक टोक त्याला बांधा, दुसरं थेट तळापर्यंत सोडा. साधारण दीडास एक उतार (दीड मीटर आडवं गेल्यावर एक मीटर खोल) धरला, तर 3 मीटर खोलीला तिरकी लांबी साडेपाच मीटर होते. बांधावरचा भाग धरून 8 मीटर दोर लागेल. एकच दोर लावून भागत नाही, कारण दमलेला माणूस 15 मीटर पोहून तिथवर जाऊ शकत नाही. चारही बाजूंच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत, असे आठ दोर हवेत. उन्हानं नायलॉन कुजतो, तेव्हा दर उन्हाळ्यात प्रत्येक दोर ओढून बघा.

झाकण घट्ट लावलेला 20 लिटरचा रिकामा कॅन 15 मीटर दोराला बांधून बांधावर टांगून ठेवा. कुणी पडलं तर कॅन फेका, उडी नको. आणि पाच फुटी जाळीचं कुंपण, कुलपासह. तळं आटलं, कमरेएवढंच पाणी आहे, असं म्हणून कुलूप काढू नका; लेकराला तेवढं पुरतं.

प्रश्न : बुडून मरण्याचं प्रमाण वाढतंय की कमी होतंय? – शिक्षक, औसा

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडाली. 2000 पासून मृत्युदर 38 टक्क्यांनी घटला, पण दहातले नऊ मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होतात. जवळपास एक चतुर्थांश मृत्यू पाच वर्षांखालच्या लेकरांचे. भारतात 2022 मध्ये 38 हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. मेंदूला इजा होऊन जे वाचतात, ते या आकड्यात येत नाहीत.

प्रश्न : गावात बुडालेल्याचं पोट दाबतात, लहान असेल तर पाय धरून गरगर फिरवतात. हे बरोबर आहे का? – आशा ताई, परळी तालुका

उत्तर : नाही. पोटातलं पाणी काढून श्वास सुरू होत नाही. उलट अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. उताणं झोपवा, एकाला 108 ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडानं आधी पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध 30 दाब, दोन श्वास, पुन्हा 30 दाब. वेग मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नका. रोगी उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच; फुप्फुसात गेलेल्या पाण्यामुळे काही तासांनी पुन्हा धाप लागू शकते.